सांभाळायला दिलेला जीव



या वेळचा लेख सुरंगीच्या गटाकडे आला आहे. खरे तर आम्ही श्रावणातल्या यात्रेविषयी लिहिणार होतो. त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, घृष्णेश्वर, औंढा नागनाथ आणि परळी, अशी नऊ दिवसांची बस होती आणि आमची सातही घरे तिच्यात होती. फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेच. पण यात्रेहून आल्यावर पहिल्या रविवारी आरतीनंतर जे झाले, त्यावर आम्ही गेले दोन महिने बोलतो आहोत, आणि अजून आमचे एकमत नाही. म्हणून तेच लिहितो. ज्यांची गोष्ट आहे त्या दोन्ही घरांना विचारून लिहितो आहोत, नावे मात्र घालत नाही.

आमच्या गटातल्या एका काका-काकूंकडे मोती नावाचा कुत्रा आहे. गावठीच, तांबूस, नऊ वर्षांचा. काका कंपनीत होते तेव्हा पावसात गेटपाशी कुडकुडत बसलेले पिल्लू त्यांनी डब्याच्या पिशवीतून घरी आणले, तोच हा मोती. एरवी काका-काकू गावाला गेले की शेजारचे घर त्याला भाकरी घालते. या वेळी शेजारचे घरही यात्रेला! मग कोणीतरी म्हणाले, अहो आपल्या ताईंचा मुलगा त्या कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये कामाला आहे ना, तिथे ठेवा. आपलाच पोरगा आहे, काळजी कसली?

ठेवला. रोज अकराच्या सुमारास काकूंच्या मोबाईलवर मोतीचा फोटो यायचा. एक दिवस मोती झाडाखाली. एक दिवस मोतीसमोर लाल चेंडू. भीमाशंकरच्या वाटेवर बस थांबली होती तेव्हा आला तो फोटो तर सगळ्या बसने पाहिला, मोतीने तोंड उघडलेले, जीभ बाहेर. खाली लिहिले होते, ‘मोती मजेत आहे.’ काकू म्हणाल्या, “बघा, कसा हसतोय. आमच्याशिवाय बरा आहे की याला!” सगळे हसलो.

परत आलो तर मोतीच्या बरगड्या मोजता येत होत्या. काकूंनी कोणाला काही विचारले नाही. फक्त पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

रविवारी आरती झाली, प्रसाद वाटला, आणि तो मुलगा उठून उभा राहिला. एरवी तो बोलणारा नाही, मागे चपलांपाशी बसतो. म्हणाला, “काकू, मोती पहिले तीन दिवस जेवलाच नाही. तुम्ही ग्रुपवर टाकलंत ना, मोती हसतोय म्हणून, तो हसत नव्हता. धापा टाकत होता. मला माहीत होतं. तरी मी फोटो पाठवला.”

खोलीत एकदम शांतता. मग त्याच्या आईनेच विचारले, का रे असे केलेस? तर म्हणाला, तिथला नियमच आहे. शेठने सांगून ठेवलेय की मालकाला वाईट कळवायचे नाही. लोक काळजी करतात, दिवसातून वीस फोन करतात, पुढच्या वेळी येत नाहीत. चेंडू दाखवायचा, कान वर झाले की फोटो काढायचा, पाठवायचा.

काकूंनी एवढेच विचारले, “मग तू काय केलंस?”

तो सांगायला तयार नव्हता, त्याच्याकडून काढून घ्यावे लागले. दुसऱ्या रात्रीपासून तो घरी गेला नव्हता, मोतीच्या जाळीसमोर सतरंजी टाकून झोपत होता. तिसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर काकूंच्या अंगणात येऊन मोतीचे झोपायचे पोते घेऊन गेला, कारण मोतीबरोबर घरच्या वासाची एकही वस्तू आलेली नव्हती. चौथ्या दिवशी पोत्यावर बसून मोतीने त्याच्या हातून थोडा वरणभात खाल्ला. पुढे रोज थोडा थोडा.

आता सांगा दादा-ताईंनो, याने चांगले केले की वाईट? आम्हाला वाटले होते पाच मिनिटांत सांगून टाकू.

आधी त्याच्या कामाविषयी सांगायला हवे, कारण आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते काम काय असते तेच माहीत नव्हते. खरे सांगायचे तर माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती. त्याला ही नोकरी लागली तेव्हा आमच्यातलेच एक जण म्हणाले होते, “आयटीआय करून कुत्र्यांची घाण काढायला?” यार्नच्या कंपनीत हेल्पर म्हणून उभा राहिला असता तर कोणी काही बोलले नसते. पगारात म्हणावा तसा फरकही नाही.

सकाळी सहाला काम सुरू. आधी प्रत्येक जाळीत डोकावून रात्रीचे काय पडले आहे ते पाहायचे. तो सांगतो, शी बघूनच अर्धे कळते. पातळ आहे का, रक्त आहे का, जंत आहेत का. पिल्लाला रक्ताचे जुलाब आणि उलटी म्हटले की पहिली शंका पार्वोची, त्याला लगेच वेगळे करायचे, आपले हात-पाय धुतल्याशिवाय दुसऱ्या जाळीत जायचे नाही. मांजरांच्या खोलीत फिनाईल वापरायचे नाही, मांजराच्या अंगाला ते झेपत नाही. हे आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हते, आणि आमच्याकडे तर मांजर फिरते त्याच ओट्यावर रोज फिनाईलचा बोळा फिरतो. मांजराचे आणखी एक, कुत्रा दोन दिवस रुसून उपाशी राहिला तर सहसा निभावतो, पण मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल तर त्याच्या यकृतावर बेतू शकते, डॉक्टरकडे न्यावेच लागते.

मग एकेकाला बाहेर काढायचे. सगळे एकत्र सोडायचे नाहीत. लहान चण वेगळी, दांडगे वेगळे, म्हातारे वेगळे. जेवण तर प्रत्येकाचे एकट्याचेच, कारण घरी गरीब असणारा कुत्रासुद्धा परक्या जागेत ताटलीपाशी गुरगुरतो. भिंतीवर तक्ता असतो, कोणाला काय, किती, कोणती गोळी. पावसाळ्यात आपल्याकडे गोचीड फार. कानात, बोटांच्या फटीत रोज बोट घालून बघायचे, कारण गोचिडाच्या तापाने धडधाकट कुत्रा आठवड्यात आडवा होतो. कुत्र्याचे अंग आपल्यापेक्षा गरमच असते, साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट, त्यामुळे हात लावून ताप कळत नाही, थर्मामीटरच लागते. कोणी चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि सरळ दवाखाना गाठायचा. त्याच्या दंडावर अशा दोन खुणा आहेत. आईला त्याने एकच दाखवली होती.

आणि धाप. उन्हात किंवा खेळून आल्यावर कुत्रा धापा टाकतो ते अंग गार करायला, कारण त्याला आपल्यासारखा सगळ्या अंगाला घाम येत नाही. पण सावलीत बसून, न धावता, कान मागे पाडून, डोळे मोठे करून जर तो धापा टाकत असेल तर तो घाबरलेला असतो. फोटोत दोन्ही सारखेच दिसते. तोंड उघडे, जीभ बाहेर. आपण म्हणतो, हसतोय.

त्या दिवशी आमच्या एका दादांनी पहिला प्रश्न काढला तो वेगळाच होता. ते म्हणाले, खरे-खोटे नंतर बघू, पण हा जो सतरंजी टाकून झोपला, त्याला सेवा म्हणायचे का? पैसे तर घेतोच आहे. नोकरी ती नोकरी, सेवा ती सेवा.

हे आपल्या मनात फार खोल बसलेले आहे. नामदेवांनी कोरडी पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली, नाथांनी रामेश्वराला न्यायची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी ओतली. आपल्या पोराबाळांनाही या गोष्टी पाठ आहेत. दोन्हीकडे घेणे-देणे काही नाही. म्हणून आपण समजतो की दया म्हणजे फुकटची, आणि पैसा आला की ती बाटली.

पण महाभारत काढून बघा. अज्ञातवासाचे वर्ष पांडवांनी कसे काढले? नकुल विराटाकडे ग्रंथिक हे नाव सांगून घोडे सांभाळायला राहिला, सहदेव तंतिपाल होऊन गुरे राखायला. राजपुत्र होते आणि वर्षभर दुसऱ्याच्या जनावरांची राखण करून पोट भरत होते. व्यासांनी ते लाजेने सांगितलेले नाही. हे दोघे काय म्हणून कामाला लागले ते नीट सांगितले आहे, की मला घोड्याचा स्वभाव कळतो, मला गाईची लक्षणे कळतात. कामाची माहिती हीच त्यांची ओळख झाली. आणि भगवंत स्वतः? जयद्रथाच्या दिवशी भर लढाईत अर्जुनाने बाणांचा आडोसा केला, बाणाने पाणी काढले, आणि श्रीकृष्णांनी घोडे सोडून त्यांच्या अंगातले बाण उपटले, त्यांना चोळले, पाणी पाजले. सारथ्याचे कामच होते ते. ज्या हातांनी गीता सांगताना लगाम धरले होते तेच हात घोड्याच्या जखमेत होते, असे आमच्यातल्या एक ताई म्हणाल्या, आणि मग दादा जरा गप्प झाले.

आणखी जवळचे बघायचे तर आपला गुराखी. आपल्याकडे वारली, कोकणा पाड्यांवर सगळ्या गावाची गुरे सकाळी एक जण घेऊन जायचा आणि दिवस बुडताना ज्याची त्याच्या दारात सोडायचा. वर्षाला ठरलेले धान्य मिळायचे. डे-केअर डे-केअर म्हणतात ते दुसरे काय आहे? दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला हेच गुराखी घरोघर धान्य मागतात आणि वाघदेवाला पुजतात, की आमच्या ताब्यातल्या जनावराला धक्का लावू नकोस. म्हणजे बघा, जनावर दुसऱ्याचे, पण वाघापुढे हात जोडायचे ते राखणाऱ्याने. मराठीत याला शब्दच आहे, राखोळी. राखोळीला दिलेली शेळी, राखोळीचे गुरू. सिल्वासाला जाता-येता राखोली गावाची पाटी दिसते आणि हल्ली आम्हाला हा शब्द आठवतो.

ग्रुपवर हाचिकोची गोष्ट वर्षातून दहा वेळा येते. जपानमधला कुत्रा, 1925 साली त्याचे मालक प्राध्यापक वारले, आणि तो स्वतः 1935 मध्ये मरेपर्यंत शिबुया स्टेशनवर त्यांची वाट बघत राहिला. आपण डोळे पुसतो आणि पुढे पाठवतो. पण दहा वर्षे त्याला घर कोणाचे होते, हे त्या फॉरवर्डमध्ये नसते. प्राध्यापकांकडे पूर्वी बागकाम करणारा माळी स्टेशनपासून जवळ राहायचा, त्याने त्याला सांभाळले. स्टेशनवर तर सुरुवातीला लोक त्याला हाकलतसुद्धा, 1932 मध्ये वर्तमानपत्रात बातमी आली तेव्हा सगळ्यांना त्याचा कळवळा आला. पुतळा कुत्र्याचा झाला, नाव प्राध्यापकांचे राहिले. माळ्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे? आमच्यातल्या कोणाला नव्हते.

तेव्हा पगाराचा मुद्दा आम्ही बाजूला ठेवला. पगार घेऊन सतरंजी टाकता येते आणि पगार न घेता कंटाळाही करता येतो, हे आपल्या सगळ्यांच्या घरात दिसते. उलट आम्हाला वाटले, नामदेवांच्या वाटीत एका क्षणाची धाव आहे आणि ती मोठीच आहे, पण रोज सकाळी सहाला तीच जाळी, तीच घाण, आणि आपल्यावर गुरगुरणारा तोच परका कुत्रा, तिथे मन मऊ ठेवायचे हे वेगळ्या जातीचे अवघड आहे.

राहिला फोटो. इथे आमचे दोन तट पडले ते आजही आहेत.

एक तट म्हणतो, त्याने बरोबर केले. काका-काकू भीमाशंकरच्या घाटात होते. कळवले असते तर काय केले असते? काकूंनी यात्रा सोडली असती, एकट्या एसटीने निघाल्या असत्या, किंवा निघाल्या नसत्या आणि सहा दिवस देवासमोर मोतीच दिसला असता. त्याने ते दुःख स्वतःकडे ठेवले आणि कुत्र्याचे जे करायचे ते केले. खोटे बोलला तर कोणाच्या भल्यासाठीच ना?

दुसऱ्या तटात काकू स्वतः आहेत. त्या म्हणाल्या, “मला फसवलं याचं मला तेवढं नाही रे. पण मला कळलं असतं तर मी फोनवरून सांगितलं असतं, तो ताटलीतलं खात नाही, त्याला जमिनीवर पोतं टाक आणि भात हातावर घे. पहिल्याच दिवशी जेवला असता.”

हे ऐकून आम्ही थबकलो. तोपर्यंत आम्ही सगळे फोटोचा विचार दोन माणसांमधला म्हणून करत होतो, मुलाने काकूंना खरे सांगायचे की नाही. मोती मधे कुठे नव्हताच. आणि त्या खोट्याची किंमत मोतीने भरली, तीन दिवस. त्याला काय हवे ते ज्या एका बाईला ठाऊक होते, तिच्यापर्यंत बातमी जाण्याचा एकच रस्ता होता, तो या मुलाच्या हातातल्या मोबाईलमधून जात होता. तोच बंद झाला. ‘मोती मजेत आहे’ हे वाक्य काकूंशी खोटे होते, पण मोतीच्या बाबतीत त्याहून जास्त काहीतरी होते. त्याचे तोंडच दाबले गेले.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराबरोबर चाललेला कुत्रा आहे हे सगळ्यांना माहीत असते. सुरुवातीलाही एक कुत्रा आहे हे फारसे सांगितले जात नाही. जनमेजयाच्या सत्रात देवांच्या सरमा कुत्रीचे पिल्लू येते. राजाचे भाऊ त्याला मारतात. पिल्लू रडत आईकडे जाते आणि सांगते, मी हविर्द्रव्य चाटले नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. सरमा सरळ यज्ञमंडपात जाते आणि विचारते, याने काहीच केले नव्हते, मग का मारलेत? तिथे बसलेले कोणीही उत्तर देत नाहीत. मग ती म्हणते, निरपराध्याला मारलेत, तुमच्यावरही न दिसलेले भय येईल. एवढा मोठा ग्रंथ, आणि दारातच एक कुत्री आपल्या पिल्लाच्या वतीने प्रश्न विचारते आहे आणि विद्वान गप्प आहेत. त्या पिल्लाला निदान आई होती आणि गोष्टीत तरी बोलता येत होते. बोर्डिंगमधल्या जिवाच्या वतीने बोलायला फक्त तिथला कामगार असतो. डॉक्टर बोलावला तरच येतो, मालक लांब आहे, शेठ हिशेबात आहे.

कायदाही हे थोडे ओळखतो, हे आम्हाला गटातल्या एका वकील ताईंमुळे कळले. 1872 च्या करार कायद्यात कलम 151 आहे. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली तर सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे. कायद्याच्या त्या भाषेत जनावर म्हणजे वस्तूच. तिथेच पुढे कलम 163 मध्ये एक गमतीचे उदाहरण दिले आहे, की गाय सांभाळायला दिली आणि ती व्याली, तर वासरूही परत द्यायचे. म्हणजे ठेव. पण 1960 चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा आला, ज्यासाठी राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी आधी स्वतः विधेयक आणले होते, त्याचे कलम 3 वेगळे बोलते. ज्याच्या देखभालीत किंवा ताब्यात जनावर आहे त्या प्रत्येकाचे कर्तव्य, की त्याच्या सुखासाठी शक्य ते सर्व करावे आणि त्याला विनाकारण यातना होऊ देऊ नयेत. ज्याच्या मालकीचे आहे त्याचेच कर्तव्य, असे तिथे लिहिलेले नाही. ज्याच्या ताब्यात आहे त्याचे. पहिला कायदा विचारतो, काकूंची वस्तू नीट परत दिली का. दुसरा मोतीविषयी विचारतो. आमच्या मुलाने दुसऱ्या कायद्याचे जवळजवळ सगळे पाळले आणि एका वाक्यात चुकला. त्याच्या शेठला तर दोन्ही नको होते, त्याला पुढच्या वर्षीचे गिऱ्हाईक हवे होते. (यावर आमच्यातले एक दुकानदार काका लगेच म्हणाले, सगळे शेठ तसे नसतात. नसतातच. नोंदवून ठेवतो.)

त्या मुलाला आम्ही विचारले, तू तिथेच शेठला का नाही म्हणालास? तो म्हणाला, “म्हणालो होतो, आधी एकदा. दुसऱ्या एका कुत्रीबद्दल. तेव्हा शेठ म्हणाला, तुला मालकाशी बोलायचा पगार नाही.” घरी दोन बहिणी आहेत, वडील नाहीत. आम्ही पंखा लावून, प्रसाद हातात घेऊन त्याला सत्याविषयी सांगत होतो, हे त्या क्षणी आमच्यातल्या काही जणांना बोचले. त्याच्या आईलाही बोचले असणार, ती उठून स्वयंपाकघरात गेली.

शिवाय फोटो मागणारे कोण? आपणच. आम्ही एकमेकांना प्रामाणिकपणे विचारले, रोज फोटो कशासाठी हवा होता? मोती कसा आहे हे कळायला, की आपल्याला निवांत दर्शन घेता यावे म्हणून? दुसरेच उत्तर जास्त खरे निघाले. ‘आमच्याशिवाय बरा आहे’ हे ऐकायचे होते, ते ऐकवले गेले. काका तर म्हणाले, मला त्या फोटोत बरगडी दिसली होती, मी काही बोललो नाही.

तो मुलगा म्हणतो, तरी तुमचा मोती सुखी, कारण त्याला न्यायला कोणी आले. दर वर्षी एखादा असा असतो की त्याचा मालक ठरल्या दिवशी येत नाही, मग फोन उचलत नाही, मग नंबरच लागत नाही. म्हातारा कुत्रा, औषधाचा खर्च, किंवा घर बदलले. अशांचे काय करायचे हा प्रश्न जुना आहे. 1832 च्या जून महिन्यात मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारायला माणशी नव्हे, कुत्र्यामागे आठ आणे लावले तेव्हा मारेकऱ्यांनी लोकांच्या घरातली कुत्रीसुद्धा सोडली नाहीत, आणि पारशी मंडळींनी बाजार बंद करून मोठा दंगा केला. हे पारशी आपल्या शेजारच्याच संजाण-उदवाड्याच्या परंपरेतले, जेवणाआधी कुत्र्याचा घास काढणारे. त्यानंतर दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. ज्यांना न्यायला कोणीच येणार नाही त्यांच्यासाठी. बोर्डिंग आणि पांजरपोळ यांत जाळ्या सारख्याच असतात. आतल्या कुत्र्याला माहीत नसते आपण कुठल्या जागेत आहोत. त्याला ‘नवव्या दिवशी येतील’ असे सांगताच येत नाही ना! मोतीच्या दृष्टीने ते तीन दिवस कायमचेच होते.

एका आजींनी जडभरताचा विषय काढला. भरत राजा सगळे सोडून वनात गेला आणि हरणाच्या पाडसात गुंतला, मरताना तेच डोळ्यांसमोर, पुढचा जन्म हरणाचा. तेव्हा पोरा, फार जीव लावू नकोस, असे त्यांचे म्हणणे. मुलगा पहिल्यांदा हसला. म्हणाला, “आजी, भरताला पाडस परत द्यायचं नव्हतं. मला रोज एक परत द्यायचं असतं.” मोतीला न्यायला काका आले तेव्हा ज्याच्या सतरंजीशेजारी तो सात रात्री झोपला त्याच्याकडे मोतीने वळूनही पाहिले नव्हते, धावत सुटला. त्याला वाईट वाटले का, असे आम्ही विचारले. वाटतं की, म्हणाला. मग जाळी धुवायला घेतो, दुसरा येणार असतो.

त्या रविवारी निकाल काही लागला नाही. काकूंनी त्याला “माफ केलं” असे म्हटले नाही, आणि त्यानेही मागितली नाही. पुढच्या आठवड्यात काका स्वतः त्या शेठला भेटून आले. भांडायला गेले नव्हते. म्हणाले, आम्ही पुन्हा इथेच ठेवू, पण दोन अटी. घरचे अंथरूण आत ठेवू द्यायचे, आणि पोरगा जे लिहील ते तसेच आमच्याकडे येऊ द्यायचे. वाईट कळले तर आम्ही बोंब मारणार नाही. शेठ आधी कुरकुरला, मग म्हणाला, तुमच्यापुरते ठीक आहे. बाकीच्यांना अजून चेंडूचेच फोटो जातात. मुलाला ते आवडत नाही. दुसरे काम बघ असे काही जण म्हणतात, तर तो म्हणतो, मी गेलो तर तिथे जो येईल तो सतरंजी टाकेल का? हे त्याचे म्हणणे खरे आहे की स्वतःची समजूत, यावर आमच्या गटात आणखी एक वाद आहे, तो पुढच्या वेळी.

दिवाळीत बोर्डिंग पूर्ण भरते. लोक गावी जातात, आणि फटाक्यांनी कुत्र्यांची दशा होते, कारण त्यांना आपल्याला ऐकू येते त्याच्या कितीतरी पलीकडचे ऐकू येते. त्यामुळे लक्ष्मीपूजनाच्या रात्री तो आमच्यात नसेल. काका-काकूंना पुण्याला मुलाकडे जायचे आहे. कालच मोतीला सोडून आले. बरोबर पोते, काकूंची जुनी साडी, आणि मुलासाठी फराळाचा डबा दिला.

आज अकरा वाजता ग्रुपवर फोटो आला नाही. साडेअकराला दोन ओळी आल्या. ‘काकू, मोतीने सकाळी काही खाल्लं नाही. साडीवर झोपलाय. संध्याकाळी हातावर देऊन बघतो.’

काकूंनी लिहिले, ‘बरं. भात जरा कोमट दे.’